हुंबर देशाची बोली

जगात मला एकच परकी भाषा अस्खलित बोलता येते. ती बोलणारी माणसं एके काळी शंभर-दीडशे होती. आज दोन उरली आहेत आणि त्यातलं एक माझ्याशी बोलत नाही.

भाषेचं नाव हुंबरी. ती हुंबर देशात बोलतात. हा देश नकाशात शोधायला जाल तर वेळ फुकट जाईल, म्हणून पत्ता आधीच सांगून ठेवतो. कडा गावाकडून आमच्या गावाला यायला निघालात की उजव्या हाताला एक तळं लागतं. त्या वर्षी तळं फक्त नावाला होतं. तळाच्या गाळाला एवढाल्या भेगा पडल्या होत्या की शेरडाचा पाय आत गेला तर मोडायचा. त्या भेगांच्या खाली, दोन-तीन पुरुष खोलीवर, हुंबर देश लागतो. आपलं तळं भरलेलं असतं तेव्हा त्यांच्या डोक्यावर हिरवं आभाळ असतं. तळं आटलं की त्यांचं आभाळ फाटतं आणि भेगांमधून त्यांना आपण दिसायला लागतो. आपल्याकडं बघून ते काय करतात, ते पुढं येईलच.

तळ्याच्या काठाला आमच्या गावच्या सेवा सोसायटीची पडीक जमीन होती. दुष्काळ पडला तसं सोसायटीनं तिथं जनावरांची छावणी उघडली. रांगेनं बांबू रोवले, वर हिरवी जाळी ताणली, खाली खुंट्या ठोकल्या. चारा-पाणी सरकारकडून यायचं, सोसायटी ते वाटायची, आणि जनावरांबरोबर घरातलं एक माणूस तिथंच मुक्कामाला राहायचं. कोणतं माणूस पाठवायचं, याची सगळ्या घरांत न बोलता ठरलेली एकच रीत होती. ज्याच्यावाचून घरात काही अडत नाही, ते.

आमच्या घरातून मी गेलो.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. कॉलेज अर्धवट, लग्न पुढं ढकललेलं, आणि गावच्या गणपतीतल्या नाटकात दरवर्षी एक खलनायक आणि एक बाई, अशी दोन कामं मी करायचो. वडिलांनी दोन बैल माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "जा. तिथं बैलं तुला सांभाळतील."

माझ्या शेजारच्या खणात एक मावशी होती. माझी नव्हे, कुणाचीच नव्हे. छावणीत सगळे तिला मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागलो. जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. मेंढरं मुलानं दोन वर्षांपूर्वी विकून टाकली होती, आणि आता तिच्याकडं उरली होती एक तांबडी गाय. म्हातारी होत आलेली, दोन वर्षं भाकड राहिलेली, आणि नेमकी दुष्काळात गाभण राहिलेली. मुलगा म्हणत होता, विकून टाकू. ही म्हणत होती, आधी वेऊ दे. त्या भांडणातून उठूनच ती गाय घेऊन छावणीत आली होती.

पहिल्याच दिवशी मी बैलांपुढं उसाची अख्खी कांडी टाकली. छावणीत चारा म्हणजे बहुतेक ऊसच असायचा. पलीकडच्या खणातून आवाज आला, "कावून रं बाबा, तुज्या बापाला बी असाच अख्खा ऊस देतोस का?"

मी वळून बघितलं. ती विळ्यानं उसाचे बोटाएवढे तुकडे करत होती आणि एकेक तुकडा गाईच्या तोंडात हातानं घालत होती. रोज ऊस चावून जनावरांची तोंडं आतून सोलून निघतात, हे मला माहीतच नव्हतं. तिनं गाईचा ओठ वर करून मला दाखवलं. मी विळा मागितला. ती म्हणाली, "इळा देते, अक्कल कुटून देऊ?"

इथून आमची मैत्री झाली.

छावणीत सकाळी चारा यायचा, दुपारी टँकर यायचा, आणि उरलेला सगळा वेळ नुसता असायचा. तुम्ही कधी अडीच महिने एका खुंटीशेजारी बसून काढले असतील तर तुम्हाला कळेल. पत्ते फाटले. गावातल्या सगळ्यांच्या भानगडी दोनदा सांगून झाल्या. मग एका दुपारी मावशी तांबडीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत होती. शब्द नव्हते, नुसते आवाज. मेंढरांना हाकताना, पाणी दाखवताना, चुकार कोकराला बोलावताना धनगर जे आवाज काढतात, तसले.

मी विचारलं, "मावशी, तिला काय सांगताय?"

"तुला कळायचं न्हाई."

"मला कळतंय की. ही हुंबरी भाषा हाय. तळ्याखालचे लोक बोलतात ती."

खरं सांगतो, हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला स्वतःलाही हुंबर देश माहीत नव्हता. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, ऊन लागलंय याला. मावशीनं पापणीसुद्धा लवू दिली नाही.

"मग सांग, काय म्हनले मी?"

"तुमी म्हणालात, राणीसाहेब, जेवण झालं का?"

"चूक," ती म्हणाली. "तिथं रानी न्हाई. तिथं समद्या गाईच हायत. आन जेवन झालं का असं इचारायचंच नसतं तिथं. झालेलंच असतंय."

आणि तिनं मला देशाचा पहिला कायदा सांगितला. इथलं दुःख तिथं न्यायचं नाही. हुंबरीत तहान या अर्थाचा शब्द नाही, भुकेला नाही, दाव्याला नाही, खुंटीला नाही. मी म्हणालो, असल्या भाषेत बोलायचं तरी काय? ती म्हणाली, "तेच तर. बोलून बघ."

पुढच्या महिनाभरात आम्ही दोघांनी मिळून एक अख्खा देश उभा केला. मी शब्द काढायचो, मावशी ते पारखायची. दहातले आठ फेकून द्यायची. "ह्यो शबूद तोंडात बसत न्हाई, दाताला लागतोय," असं म्हणायची. मी तिला माझ्याहून थोर मानायला लागलो ते तेव्हापासून. मी नाटकी शब्द करायचो, लांबलचक, टाळी मागणारे. ती असा शब्द ठेवायची की गाईनंसुद्धा कान हलवावा.

हुंबर देशात जनावरांना अहो-जाहो करतात आणि माणसांना अरे-तुरे. वाद झाला की दोघांना समोरासमोर बसवतात आणि जो जास्त वेळ रवंथ करेल तो खरा ठरतो. भेटल्यावर म्हणायचं 'चुबुक', म्हणजे तुझं तोंड भरलेलं असो, आणि समोरच्यानं उत्तर द्यायचं 'चुबुक चुबुक', म्हणजे तुझंही, आणि काही सांडलं तर माझं. सावलीला 'झिलम'. कामचुकार माणसाला 'झिलमखाऊ'. ही पदवी पहिली मला मिळाली. तपासणीला येऊन जनावरांच्या कानातले बिल्ले मोजणारा साहेब म्हणजे 'टिपिर'. आणि 'भोंगुळ' म्हणजे ज्याच्या गळ्यात घंटा मोठी आणि कासेत दूध नाही असं जनावर. हा शब्द कुणासाठी केला होता ते छावणीत कुणाला सांगावं लागलं नाही.

भाषा पसरली. आधी आमच्या रांगेत, मग पलीकडच्या, मग पाणी सोडणाऱ्या टँकरवाल्यापर्यंत. सकाळी चारा घ्यायला रांगेत उभे राहिलेले थोराड बाप्ये एकमेकांना चुबुक घालायचे. "कुठं गेलतास बे?" "झिलम खायला." साहेबाची जीप वळणावर दिसली की पहिल्या रांगेतून आरोळी यायची, "टिपिर", आणि शेवटच्या रांगेपर्यंत माणसं उठून आपापल्या जनावरांच्या कानांपाशी उभी राहायची. मी आयुष्यात पुढं बऱ्याच टाळ्या घेतल्या, पण आपण केलेला शब्द अनोळखी माणसाच्या तोंडून फुकटात परत येतो, त्याची सर कशालाच नाही. मी अक्षरशः हवेत होतो.

एक शब्द मात्र आमच्याकडं नव्हता. मी एकदा म्हणालो, "मावशी, आपल्याला 'नाही'ला शब्द पाहिजे. भाषा म्हटली की नाही म्हणता आलं पाहिजे."

ती कडब्याची पेंढी सोडत होती. म्हणाली, "सकाळधरनं काय ऐकतोस तू इथं? पेंड न्हाई. टँकर न्हाई. डाक्टर न्हाई. साहेब न्हाई. आनि तेच तिथं न्हेऊन ठिवतोस?"

"मग हुंबऱ्यांना एखादी गोष्ट पटली नाही तर ते काय करतात?"

तिनं थोडा विचार केला. मग तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे फक्त एखादा शब्द सापडल्यावर यायचं. "त्ये मानूस समोरच्याचं गुणगान गातंय. लई गातंय. इतकं गातंय की समोरच्याला कळतंय, ह्याला पटलं न्हाई."

असा 'खुबं लुणम' जन्माला आला. तुझ्या खुराला लोणी लागो. ऐकायला आशीर्वाद, पण खुराला लोणी लागलेलं जनावर चार पावलांत घसरून पडतं. त्यासोबत कमरेत वाकून, दोन्ही हात जमिनीला लावून मुजरा करायचा. ज्याचा मुजरा जास्त खाली, त्याचा विरोध जास्त. हा मुजरा मी बसवला. तो मला फार छान जमायचा.

आता चेअरमन. सोसायटीचे चेअरमन म्हणजे गावातली मोठी असामी; तळ्याच्या वरच्या अंगाला जमीन, तालुक्यात वजन, अंगावर कायम इस्त्रीचे पांढरे कपडे. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. हसतमुख होता, कुणाच्याही मयतीला पहिला यायचा, आणि त्याला नाटकाचं वेड होतं. गणपतीत पहिल्या रांगेत बसून माझ्या बाईच्या कामाला तो शिट्टी मारायचा. छावणीत फेरी मारायला आला की मला हाक मारायचा, "काय कलाकार, आज काय नवीन?"

आणि मी करून दाखवायचो. हुंबरचे रवंथवाले न्यायाधीश, हुंबरचं लग्न, भेगेतून वर बघून आपल्याला हसणारे हुंबरे. खुर्ची मागवून तो बसायचा, पोट धरून हसायचा. एकदा भोंगुळचा अर्थ त्यानं मलाच विचारला. मी चाचरलो. तो म्हणाला, "मला माहीत आहे रे. मीच ना तो?" आणि सगळ्यांच्या आधी हसला. त्यानंतर तो स्वतःच यायचा आणि म्हणायचा, "चुबुक मंडळी, भोंगुळ आलाय." लोक खूश. मी सगळ्यांत जास्त खूश.

मावशी त्या दिवशी म्हणाली, "त्येला कावून शिकवलंस?"

मी म्हणालो, "मावशी, तो आपल्यातलाच आहे."

ती तांबडीच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली. पोटातलं वासरू आतून लाथ मारतं ते तिला हाताला लागायचं. मलाही एकदा हात ठेवायला लावला होता. आखाडात वेणार, असा तिचा हिशेब होता.

मग मृगाच्या बऱ्याच आधी, एका संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. अर्धा तास असेल. भेगांच्या कडा ओल्या झाल्या, इतकाच. दोन दिवसांनी चाऱ्याच्या गाडीवरून भोंग्यातून सांगितलं गेलं की समाधानकारक पाऊस झालेला असल्यानं छावणी बंद करण्याबाबत जनावरांच्या मालकांची सभा घेण्यात येईल, कुणाची हरकत असल्यास सभेत मांडावी.

पाऊस पडला म्हणून गवत लगेच उगवत नाही. पेरणी व्हायची, उगवायची, बांधावर हिरवं दिसायचं, तोवर दोन महिने सहज जातात. हे चेअरमनला कळत नव्हतं असं नाही. छावणी चालवून तो कंटाळला होता, एवढंच. रोजचे कागद, रोजचे टिपिर.

मावशी त्या दुपारी माझ्या खणात येऊन बसली. कधी येत नसे. म्हणाली, "माजं एक काम कर. सभेत माज्यासाठी चार वाक्यं बोल."

"तुमीच बोला की."

"मला माईकम्होरं कापरं भरतंय. आन बाईचं कोन ऐकतंय. तू सोंगं करतोस, तुला काय." मग तिनं चार वाक्यं सांगितली. तिनं ती आधीच ठरवून आणली होती. माझी गाय आखाडात वेणार हाय. घरी काडी न्हाई. आखाड सरस्तोवर छावणी ऱ्हाऊ द्या. माझी हरकत लिहून घ्या.

"लिहून घ्या, हे इसरू नको," ती म्हणाली. "लिहिलं की मग त्यास्नी इचारावं लागतंय. आन हे बघ, मराठीत बोल. सरळ उभा ऱ्हाऊन बोल."

तिनं माझ्याकडून ती वाक्यं तीनदा म्हणून घेतली. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला, हात पसरले. ती म्हणाली, "हात खाली." मी हात खाली घेतले. मुलाकरवी तिनं गाय घ्यायला टपलेल्या बाजारातल्या व्यापाऱ्याला 'इतक्यात न्हाई' असा निरोपही दिला होता, हे मला नंतर कळलं. एवढा तिचा माझ्यावर भरवसा होता.

सभा सकाळी होती. बाभळीखाली टेबल, टेबलावर सतरंजी, माईक. चेअरमन खुर्चीत, शेजारी सोसायटीचे गटसचिव मोठं वहीसारखं प्रोसिडिंग बुक उघडून बसलेले. समोर छावणीतली सगळी माणसं जमिनीवर, एका कडेला बायका. गटसचिवांनी ठराव वाचला. मालकांनी जनावरे स्वखुशीने घरी नेण्याची तयारी दर्शविल्याने. असं काहीतरी होतं. लोकांमध्ये कुजबुज झाली. राग होता, मी शपथेवर सांगतो. त्या घटकेला सरळ कुणी उभं राहिलं असतं तर मागून पन्नास उठले असते.

चेअरमन म्हणाला, "कुणाची काही हरकत?"

मी उभा राहिलो. हात खाली. आणि तोंड उघडणार एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "चुबुक, झिलमखाऊ."

सगळी सभा हसली. चेअरमन हसला. गटसचिव, जे कधी हसत नसत, तेही हसले. आणि दीडशे चेहरे माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले की आता काय करतोय हा.

तुम्ही कधी रंगमंचावर उभे राहिला असाल तर मला वेगळं सांगायला नको. नसाल तर सांगून कळणार नाही. मला वाटलं, आधी एक हशा घेऊ, लोक हाताशी येतील, मग मराठीत बोलू. मी कमरेत वाकलो. दोन्ही हात जमिनीला लावले. म्हणालो, "हे भोंगुळांच्या भोंगुळा, तुझी घंटा सात गावांना ऐकू येते." हशा. "तुझ्या सावलीत गवत उगवतं आणि आम्हाला दिसत नाही एवढंच." अजून मोठा हशा. आणि मग मी शेवटचं म्हणालो, "खुबं लुणम."

सभा पेटली. सगळे उठले. सगळे वाकले. खुबं लुणम, खुबं लुणम. म्हातारे, तरणे, टँकरवाला, सगळे. दीडशे माणसं कमरेत वाकून, जमिनीला हात लावून ओरडत होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण ह्याला आज चांगलं सुनावलं. मलाही तेच वाटत होतं. एवढा विरोध आमच्या गावानं त्याआधी कुणाला केला नव्हता.

चेअरमननं सगळं ओरडून होऊ दिलं. त्याला एकेका शब्दाचा अर्थ ठाऊक होता, मीच शिकवला होता. मग त्यानं उजवा पाय चपलेतून काढला, टेबलाच्या बाजूनं पुढं केला आणि माईकमधून म्हणाला, "लावा की मग."

माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली.

त्या हशातच बायकांच्या कडेला मावशी उभी राहिली. मला दिसली. पदर तोंडाशी धरलेला. ती म्हणाली, "माजी गाय." पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. तिच्या जवळचे लोक तिच्याकडं वळले आणि त्यांना वाटलं, ही पण सामील झाली. ती तर या भाषेची माहेरवाशीण. ते तिच्याकडं बघून वाकले आणि ओरडले, खुबं लुणम, मावशी, खुबं लुणम. ती पुन्हा म्हणाली, "लिहून घ्या." कुणीतरी म्हणालं, "मावशीनं लई भारी केलं."

ती खाली बसली.

चेअरमन गटसचिवांकडं वळून म्हणाला, "लेखी, तोंडी, काही हरकत?" गटसचिव म्हणाले, "नावानिशी कुणी नाही." आणि लिहिलं. मी तेव्हाही उभाच होतो. चार वाक्यं अजून तोंडात होती. आता बोललो तर मजा जाईल, असं मला वाटलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. मला वेळ मिळाला नाही असं मी इतकी वर्षं सांगत आलो. वेळ होता.

चार दिवसांत जाळ्या गुंडाळल्या. माझे बैल मी घरी नेले; ते कसे जगले आणि किती जगले, ती वेगळी गोष्ट. मावशी त्याआधीच एका पहाटे निघून गेली होती. मी उठलो तेव्हा शेजारच्या खणात खुंटी उपटल्याचं भोक होतं आणि उसाच्या बारीक तुकड्यांचा ढीग होता, माझ्या बैलांपुरता करून ठेवलेला.

तांबडी वाटेत दोनदा बसली, असं दूधवाल्यानं सांगितलं. आठवडाभरानं गाभडली. वासरू बाहेर आलं ते पुरतं भरलेलं नव्हतं. मग पुढच्या बाजाराला मुलगा तिला घेऊन गेला. मावशीनं अडवलं नाही म्हणे.

मी चेअरमनकडं गेलो. भांडायला गेलो होतो, असं म्हणू या. त्यानं चहा मागवला. माझं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे बघ कलाकार, तू मराठीत बोलला असतास तरी मी छावणी बंदच केली असती. फक्त मला जरा लाज वाटली असती. तू ती पण वाटू दिली नाहीस." आणि लगेच म्हणाला, "दिवाळीनंतर आपल्या सोसायटीचा कार्यक्रम आहे. तिथं हे हुंबर करशील का? पाहुणे येणार आहेत."

मी केलं. पाहुण्यांना आवडलं. मग दुसऱ्या सोसायटीनं बोलावलं, मग एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला, मग युसूफ वडगावला एका शाळेत. लोणी लावण्याचा प्रसंग मी शेवटी ठेवतो. चेअरमनच्या पायाचं काम मी स्वतःच करतो, चप्पल काढून. मावशीचं उभं राहणं मी त्यातून गाळलंय. ते ठेवून बघितलं होतं एकदा, कार्यक्रम पडला.

दोन वर्षांपूर्वी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर आम्ही चार-पाच जण कार्यक्रमावरून परत येताना जेवायला थांबलो होतो. दुपारची वेळ. कुणीतरी म्हणालं, ते हुंबरचं कर ना. मी बसल्या बसल्या केलं. पाय पुढं करून "लावा की मग" म्हटलं आणि टेबल हसलं. शेजारचं टेबलही हसलं.

मागच्या अंगाला, नळापाशी, एक म्हातारी भांडी घासत होती. तिनं हात थांबवला. उठली, पदराला हात पुसले आणि आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मी ओळखलं. मी उभा राहिलो. जे तोंडात आलं ते म्हणालो, "चुबुक, मावशी."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. माझं पोट सुटलंय, केस पिकलेत, तिला जुळवायला वेळ लागत असावा.

मग म्हणाली, "त्यात न्हाईला शबूद घातलास का?"

"नाही, मावशी."

"घाल," ती म्हणाली. आणि परत नळापाशी गेली.

मित्रांनी विचारलं, कोण रे ही? मी म्हणालो, ओळखीची आहे. जेवण झाल्यावर मी मागं गेलो. तिनं मान वर केली नाही. मी दोनदा मावशी म्हटलं. तिच्या हातातलं पातेलं घासून कधीच लख्ख झालं होतं, तरी ती घासत राहिली. मी निघालो.

तेव्हापासून मी तो शब्द करायला बसतो. वही घेतो, दार लावून घेतो. गळ्यातून, नाकातून, दातांतून, सगळीकडून आवाज काढून बघितले. मोठा करून बघितला, एका अक्षराचा करून बघितला. मावशीनं दहातले जे आठ फेकले असते ते मी आधीच फेकतो. एखादा बरा वाटला की बायकोला हाक मारतो, सरळ उभा राहतो, हात खाली ठेवतो आणि म्हणून दाखवतो.

ती हसते.